न धुतलेलं घोंगडं

मला धुण्याचं वेड आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझं माहेर वाईचं, घर घाटाला लागून. आईचा दिवस धुण्यानं सुरू व्हायचा आणि धुण्यानंच मावळायचा. बाहेरून आलं की आधी पाय, मग कपडे आणि मग बोलणं. पास झाल्याची बातमीसुद्धा हातपाय धुऊन सांगावी लागायची. लग्न होऊन सांगलीला आले, विश्रामबागेत संसार थाटला, सरकारी कचेरीत जन्म काढला, तिथेही माझ्या टेबलाच्या खणात साबणाची वडी असायची. बरोबरीच्या बायका हसायच्या. हसेनात का. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

अशा बाईच्या घरात कुत्री शिरली कशी, असं आमचे हे अजून विचारतात. शिरली ती पुरामुळे. काही वर्षांपूर्वी कृष्णेचं पाणी गावात घुसलं आणि खालच्या अंगाची माणसं आमच्या भागातल्या एका शाळेत आली. शाळेत माणसांची सोय होती, कुत्र्यांना मनाई होती. एक नवरा-बायको आपली म्हातारी कुत्री मांडीवर घेऊन फाटकाबाहेर भिजत बसली होती. आत चला म्हटलं तर मान हलवत होती. आमच्या गल्लीत वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका राहतात. त्या तडक माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं गॅरेज रिकामं आहे."

"आत्ताच धुतलंय," मी म्हणाले.

"मग तर फारच छान," असं म्हणून त्या ती म्हातारी आणि पुरातली आणखी दोन कुत्री घेऊन आत शिरल्या.

आठ दिवस मी दोन वेळा गॅरेज धूत होते आणि तोंडानं बडबडत होते. पाणी ओसरल्यावर ते नवरा-बायको न्यायला आले. म्हाताऱ्या कुत्रीनं त्यांना रस्त्याच्या कोपऱ्यावरच ओळखलं आणि आनंदाच्या भरात माझ्या धुतलेल्या फरशीवर मुतली. ती बाई तिथेच खाली बसली. म्हणाली, घरात काही उरलं नाही हो, ही तेवढी राहिली. मी फडकं आणायला उठले होते, तशीच उभी राहिले. त्या दिवसापासून मी अडकले ती अडकलेच.

आता आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. प्राध्यापिकाबाई म्होरक्या. एक रिक्षावाले आहेत, दोघी शिक्षिका आहेत, बाकी माझ्यासारखी निवृत्त मंडळी. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या खेड्यांतली माणसं दवाखान्यासाठी इथे येतात. कुणाचं मोठं ऑपरेशन असतं, कुणाचं घर मोडलेलं असतं. त्यांचं कुत्रं तेवढ्या दिवसांपुरतं आम्ही पाळीपाळीनं सांभाळतो. आमचे हे याला कुत्र्यांची भिशी म्हणतात. नाव ठेवायला यांना कुणी सांगावं लागत नाही.

प्राध्यापिकाबाईंचा एकच नियम कडक आहे. कुत्र्याबरोबर त्याच्या माणसाच्या अंगावरचा एक न धुतलेला कपडा आलाच पाहिजे. सदरा, साडी, टॉवेल, काहीही. "आपण फोटो जवळ ठेवतो, त्यांना वास लागतो," असं त्या सांगतात. मी नियम पाळायची, पण ते कपडे दोन बोटांच्या चिमटीत धरून.

सुभेदारांचा फोन आला तो चैत्रातल्या एका दुपारी. म्हणजे फोन दवाखान्याच्या वॉचमनचा होता. एक पेशंट पायरीवर बसलाय, आत यायला तयार नाही, बरोबर कुत्रं आहे, असं त्यानं सांगितलं. प्राध्यापिकाबाई आणि मी आमच्या गटातल्या रिक्षेनं गेलो. लिंबाच्या झाडाखाली पायरीवर पंचाहत्तरीचे एक गृहस्थ, पलटणीतले निवृत्त सुभेदार, ताठ बसले होते. पांढरी झुपकेदार मिशी, डोक्याला फेटा, उजव्या पावलाला गुंडाळलेलं धडपं आणि त्यावर माश्या. शेजारी एका कानाचा लचका तुटलेला तांबडा गावठी कुत्रा, तोही तसाच ताठ. विट्याजवळच्या एका खेड्यातून शेजाऱ्याच्या जीपमधून दोघे आले होते. साखरेनं पाय सडला होता, गुडघ्याखाली कापायचा होता. डॉक्टर सांगून थकले होते की विष वर चढतंय, वेळ घालवू नका. सुभेदारांचं म्हणणं एकच होतं, आधी ह्याची सोय लावा, मग पाय घ्या.

"मुलगा नाही का?" मी विचारलं.

"हाय की. गलाईचं दुकान हाय त्येचं, तिकडं तामिळ मुलखात. सोनं आटवतोय. निगतो म्हणतोय, पर लोकांचं सोनं भट्टीवर टाकून कसा निगंल?"

"मग शेजारी सांभाळतील."

"सांभाळतील. साखळीला बांधून. आवं बाई, त्येला साखळी ठावं न्हाई."

नाव काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, नाव कशाला, ए गड्या म्हटलं की येतोय. घरची बाई गेली, मुलगा लांब, घरात बोलायला हा एकच गडी उरला होता. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. प्राध्यापिकाबाईंकडे नाही, माझ्याकडेच. "ताई, मी परत येस्तवर ह्यो जेवला पायजे. उपाशी ऱ्हायला न्हाई पायजे. तेवढा शब्द द्या, म्हंजे मी आत जातो."

मी शब्द दिला. खरं सांगायचं तर तेव्हा मला कुत्र्याचं काही पडलं नव्हतं. त्या पायाचा वास मला सहन होत नव्हता आणि हा माणूस एकदाचा आत जावा, एवढंच मनात होतं.

कपड्याचा नियम प्राध्यापिकाबाईंनी सांगितल्यावर त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढून दिलं. काळं, जाड, वजनदार. "रानात आमी दोगं ह्येच्यावरच निजतो," ते म्हणाले. घाम, बिडी, चुलीचा धूर आणि कुत्रं, सगळं त्यात मुरलेलं होतं. मी चिमटीत धरायला गेले, पण ते चिमटीत मावेना. मग काखोटीला मारलं. सुभेदार चाकाच्या खुर्चीत बसले, कुत्र्याला म्हणाले, "ड्यूटी. ह्यांच्यासंगं," आणि मागे वळून न बघता आत गेले. कुत्र्यानं दारापर्यंत पाहिलं आणि मग आमच्याबरोबर रिक्षेत चढला.

पहिले दोन दिवस तो जेवला नाही. ते सगळ्यांचंच होतं, मी घाबरले नाही. ओट्यावर घोंगडं पसरलं होतं, त्यावर तोंड खुपसून पडायचा. तिसऱ्या दिवशी दूध-भाकरी पुढे ठेवून मी आत कूकर लावायला गेले, परत आले तेव्हा ताटली चाटून स्वच्छ. रोज संध्याकाळी साडेपाचला मी सुभेदारांना फोन करायची. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जेवला का?" पहिले दोन दिवस अजून नाही म्हणाले, मग रोज जेवला म्हणायची. "मग बरं," म्हणून फोन बंद. आभार नाहीत, विचारपूस नाही. मला तो माणूस आवडायला लागला होता. साखर आटोक्यात येत नव्हती म्हणून ऑपरेशन लांबत होतं.

पाचव्या दिवशी मला घोंगड्यावर एक गोचीड दिसला.

पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते. नियम मी विसरले नव्हते. मनात आलं, एवढ्या जाडजूड घोंगड्यातला वास थोडाच सगळा जाणार आहे, जरा पाण्यातून काढू. आमचे हे कुत्र्याला फिरवायला घेऊन गेले होते. मी बादली भरली. पाण्यातून काढताना काळं पाणी सुटलं, मग साबण लावला. साबणानं भागेना म्हणून फिनेल ओतलं. चार पाणी काढली. पाणी निवळत गेलं तसं मला बरं वाटत गेलं. दोरीवर ते ओझं चढवलं तेव्हा तर मी लांब उभी राहून त्याच्याकडे बघत होते, आणि समाधान वाटत होतं.

आई असती तर तिनंच मला आवरलं असतं. एवढं सोवळंओवळं करणारी ती, पण लोकर कधी धूत नसे. लोकरीला विटाळ नाही, असं तिचं शास्त्र होतं. घोंगडं वापरणारी माणसंही ते धूत नाहीत, फार तर झटकतात, उन्हात टाकतात. म्हणजे वाईच्या आईचं आणि विट्याच्या सुभेदारांचं या एका बाबतीत एकमत होतं, आणि मी दोघांच्याही पलीकडे गेले.

कुत्रा परत आला. ओटा रिकामा दिसला तसा दोरीकडे गेला. घोंगड्याचा लोंबणारा ओला कोपरा हुंगला. पुन्हा हुंगला. मग त्यानं शोध सुरू केला. दाराच्या मागे, जिन्याखाली, न्हाणीघरात, जिथे जिथे त्याला वाटलं असेल तिथे. पाऊण तास तो आपला माणूस शोधत होता, आणि तो माणूस मीच साबण लावून मोरीतून घालवला होता. शेवटी फाटकाकडे तोंड करून बसला. त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाळलेलं घोंगडं मी अंथरलं, तर त्याच्या बाजूला उघड्या फरशीवर जाऊन पडला.

आणि संध्याकाळी साडेपाचला मी फोनवर सांगितलं, "जेवला."

दोन दिवस खोटं बोलले. तिसऱ्या दिवशी सुभेदार म्हणाले, "पयला तुकडा कुटं पुरला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, त्यो जीव लावून जेवाय लागला की पयला तुकडा मातीत पुरून ठिवतो. लहानपनापासनं. आता सात दिस झालं, तुमी येकदाबी सांगितलं न्हाई. मी म्हणलं, नवीन जागा हाय. पर दोन दिस झालं, तुमचा आवाज बदललाय." मग म्हणाले, "मी पलटणीत हुतो. मला खरा रिपोर्ट पायजे."

मी फोन ठेवून दिला. प्राध्यापिकाबाईंना बोलावलं. त्यांनी घोंगड्याचा कोपरा नाकाशी नेला आणि खाली ठेवला. मला वाटलं आता फाडफाड बोलतील. त्या उठून कुत्र्याजवळ जाऊन बसल्या, ते जास्त लागलं. कुत्र्यानं त्या दिवशी पाणीही सोडलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन सलाईन लावलं, म्हणाले, असं किती दिवस चालवणार. जाताना प्राध्यापिकाबाई एवढंच म्हणाल्या, "चूक तुमच्या हातनं झालीय, तुम्हीच जाऊन सांगा."

दवाखान्यात गेले. सुभेदार उताणे पडले होते, अंगात ताप होता. मी सगळं सांगितलं, खाली मान घालून, शाळेतल्या पोरीसारखं.

"धुतलं?"

"धुतलं."

"साबण लावून?"

"फिनेलसुद्धा."

त्यांनी मान छताकडे फिरवली. मी शिव्यांची वाट बघत होते. "चाळीस वर्सांचं हाय ते," ते म्हणाले. "पावसाबिगर पानी बगितलं न्हवतं त्येनं." मग माझ्याकडे मान वळवली. "घिऊन या हिकडं. मी पांगरतो."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी नको म्हणाले. उन्हाळा ऐन भरातला, अंगात ताप, त्यात ते ओझं. ते म्हणाले, "तापच बरा. घाम येतोय. घामाबिगर वास कुटनं यायचा?"

मी घरी आले, घोंगडं घेऊन परत गेले. वॉर्डच्या सिस्टरनी भांडण काढलं, त्यांचं बरोबरच होतं. सुभेदारांनी त्यांना काय सांगितलं मला ठाऊक नाही, मी पाणी आणायला गेले होते. आले तेव्हा सिस्टर म्हणत होत्या की डॉक्टर यायच्या वेळेला काढून ठेवायचं, मी काही बघितलेलं नाही.

तीन दिवस ते घोंगडं पांघरून पडले. मी रोज संध्याकाळी जायची. हनुवटीपर्यंत घोंगडं ओढलेलं, कपाळावर घामाचे थेंब, डोळे उघडे. मला ते बघवत नव्हतं. आता मात्र मी खरं सांगत होते. आज दोन वाट्या पाणी प्याला, जेवला नाही. आज सलाईन लावलं, जेवला नाही. ते बरं म्हणायचे आणि घोंगडं आणखी वर ओढून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "सुभेदार, पुरे करा आता. तुमचा त्रास माझ्यानं बघवत नाही."

"मग बगू नका. पोस्ट सोडायची नसती, ताई."

चौथ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं. त्यांनी स्वतःच्या हातानं घोंगड्याची घडी घातली आणि मला दिली. मी रिक्षेत ते मांडीवर घेऊन बसले. घाम होता, औषधं होती, त्या पायाचाही वास होता. मी ते छातीशी धरलं होतं, हे रिक्षावाल्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

रिक्षा गल्लीत वळली आणि फाटकाशी पडलेला कुत्रा उठून उभा राहिला. पाय लटपटत होते. मी खाली उतरेपर्यंत त्याचं नाक माझ्या हातातल्या घडीत होतं. ओट्यावर पसरलं तसा तो त्यावर कोसळलाच. त्यात तोंड खुपसलं आणि घशातून एक बारीक आवाज काढला, तसला आवाज मी कुत्र्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी रडले. आमचे हे पेपर तोंडापुढे धरून बसले होते, त्यांनीही पान काही उलटलं नाही.

मी भाकरी कुस्करून ठेवली, एक तुकडा मोठा राहिला होता. तो त्यानं तोंडात धरला आणि उठला. अंगणात यांच्या गुलाबाच्या कुंड्या आहेत. या कुंड्यांना घरात माझ्यापेक्षा जास्त मान. त्यातली सगळ्यात चांगली कुंडी त्यानं निवडली, पंजानं माती उकरली, मुळं उघडी पडली, तुकडा आत ठेवला आणि नाकानं माती सारखी केली. मग परत येऊन अर्धी भाकरी खाल्ली. हे उठले, कुंडीकडे गेले, उघडी मुळं मातीनं झाकली आणि परत येऊन बसले. म्हणाले, "असू दे."

मी धावत फोनकडे गेले. सुभेदारांचा फोन सिस्टरनी उचलला. "आत नेतोय त्यांना," त्या म्हणाल्या.

"एवढं फक्त सांगा. पहिला तुकडा गुलाबाच्या कुंडीत पुरला."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं. "बरं, सांगते," त्या म्हणाल्या, हातात दहा कामं असलेलं माणूस म्हणतं तसं.

पाय काढला. दुसऱ्या दिवशी मला भेटू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर शुद्ध हरपली होती, मुलगा अजून वाटेत होता. पाचव्या दिवशी सुभेदार गेले. विष आधीच रक्तात भिनलं होतं, घोंगड्याचा यात काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. डॉक्टर खोटं कशाला बोलतील. तरी आजही उन्हाचा तडाखा वाढला की मला ते घामानं भरलेलं कपाळ दिसतं आणि हातातलं काम सुटतं. सिस्टरनी निरोप दिला होता का, हे विचारायला म्हणून मी दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. नाही म्हणाल्या असत्या तर ते घेऊन मी कुठे जाणार होते?

कुत्रा घोंगड्यावर जेवत होता. रोज पहिला तुकडा त्याच कुंडीत पुरत होता. सुभेदार परत येस्तवर तो जेवला पाहिजे, असा माझा शब्द होता. आता परत कोण येणार होतं?

दिवस-कार्य उरकल्यावर सुभेदारांचा मुलगा आमच्याकडे आला. चाळिशीचा, मुंडन केलेलं, बापासारखाच ताठ. बोटांची टोकं सोनं गाळायच्या तेजाबानं पिवळी पडलेली. ओट्यावर आला तसा कुत्रा उठला, त्याच्या भोवती दोनदा फिरला, पाय हुंगले आणि परत जागेवर जाऊन बसला.

"वळखलं न्हाई मला," तो म्हणाला. "वर्साला येकदा येनार. कसा वळखंल?"

चहा झाला. कुत्र्याला तिकडे नेता येण्यासारखं नाही, दुकानाच्या वर एक खोली आहे आणि खाली भट्टीचा धूर, हे त्यानं मोकळेपणानं सांगितलं. मग जरा अडखळत म्हणाला, "मावशी, आबांचं ते घोंगडं तेवढं न्यावं म्हणतो."

"ते कुत्र्याचं आहे," मी म्हणाले. फार तोडून बोलले. माझ्या तोंडाला आवर नाही.

तो पुढे झाला. घोंगड्याशी गुडघे टेकून बसला, वाकला आणि चेहरा त्यात खुपसला. खांदे हलायला लागले. कुत्रा जरासा सरकला, त्याला जागा झाली. एवढा मोठा माणूस आणि ते कुत्रं एकाच घोंगड्यात तोंड घालून पडले होते, आणि मी मध्ये उभी राहून कुणाचं काय ते ठरवत होते.

बऱ्याच वेळानं तो उठून बसला. म्हणाला, "मला येक खातंय, मावशी. आपरेशन झालं त्या सांजंला सिस्टरनी मला फोन लावून दिला. मी रेल्वेत हुतो. आबा येवढंच म्हणले, गड्यानं तुकडा पुरला, गुलाबाच्या कुंडीत. आमच्या घरी गुलाब न्हाई, कुंडी न्हाई. मला वाटलं, भरमलेत. मी म्हणलं, आबा, झोपा आता. मी आलोच." त्यानं कुत्र्याकडे बघितलं. "शेवटचं बोलनं, आनि मी झोपा म्हणलं. ते काय सांगत हुते, ते मला आता कोन सांगनार?"

निरोप पोचला होता.

मग मी त्याला सगळं सांगितलं. दिलेला शब्द, गोचीड, साबण, फिनेल, फोनवरचं खोटं, तीन दिवसांचं पांघरणं. स्वतःला पाठीशी घातलं नाही. तुमच्यामुळे माझ्या बापानं शेवटचे दिवस तसे काढले, हे ऐकायची मी तयारी ठेवली होती. तो म्हणाला नाही. ऐकून झाल्यावर विचारलं, "कुंडी कुटली?"

मी दाखवली. त्यानं त्या पिवळ्या बोटांनी माती उकरली. आदल्या दिवशीचा तुकडा सापडला, भिजलेला, मुंग्या लागलेला. तळहातावर घेऊन तो बघत राहिला. कुत्रा येऊन शेजारी उभा राहिला, त्या हाताकडे बघत. मग मुलानं तुकडा परत जागेवर ठेवला आणि वरून माती दाबली. "त्येचा हाय," म्हणाला. आमचे हे त्या गुलाबाला आता पाणी घालतात, पण माती हलवत नाहीत.

घोंगडं त्यानं नेलं नाही. निघताना फाटकाशी वळून म्हणाला, "मावशी, येवढं धुऊ नका आता."

"नाही धुणार."

"दिवाळीला येतो. तवर वास ऱ्हाईल का?"

राहील म्हणाले असते तर तो बिचारा बरं वाटून गेला असता. पण सुभेदारांना खरा रिपोर्ट लागायचा, त्यांच्या मुलालाही मी तोच दिला. ठाऊक नाही म्हणाले.